कन्नड कानानं शिका: बेळगावात नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

बेळगावात बिऱ्हाड केलं की पहिल्या आठवड्यात जो तो सांगतो, "इथं मराठीवर सगळं भागतंय." ते खोटं नाही. गणपत गल्लीत, खडेबाजारात, मारुती गल्लीत जन्मभर मराठी बोलून बाजार करता येतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सिटी बसचा कंडक्टर काहीतरी विचारतो आणि आपल्यामागची माणसं खोळंबतात. दवाखान्यात नर्स गोळ्या देते, पण जेवणाआधी घ्यायच्या की नंतर ते कळत नाही. वरच्या मजल्यावरची आजी रोज जिन्यात थांबून दोन वाक्यं बोलते आणि आपण नुसतं हसून पुढं जातो. त्या आजीसाठी तरी कन्नड शिकावं असं मला फार वाटतं, म्हणून हे लिहायला बसले.

मी चंदगड तालुक्यातली. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्यं नव्यानं आखली तेव्हा आमचा तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. लग्न होऊन बेळगावातल्याच शाहापुरात आले तेव्हा मला कन्नडमधला एक शब्द येत नव्हता. घरात ब्लाउज शिवायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक यायला लागलं ते खासबाग, वडगावच्या विणकर घरांतलं. त्यातल्या निम्म्या बायका कन्नड बोलणाऱ्या. पुस्तक हातात न घेता, मशीनवर बसून, ऐकत ऐकत मी शिकले. तोच रस्ता तुम्हाला सांगते.

पहिल्या दिवशी एकच वाक्य पाठ करा: "कन्नड कलियाकत्तेन्री, तप्प आदर हेळ्री." म्हणजे, कन्नड शिकायला लागलेय, चुकलं तर सांगा. हे वाक्य न अडखळता म्हणता येईपर्यंत दुसरं काही शिकू नका. हे ऐकलं की समोरचा माणूस मास्तर होतो. तो हळू बोलतो, हातवारे करतो, तुमचं वाक्य पुरं करून देतो. तरीही भराभर बोलला तर म्हणा, "सावकाश हेळ्री." होय, सावकाश. आपलाच शब्द, इकडच्या कन्नडमध्ये रोजच्या वापरातला.

वाक्याच्या शेवटचा हा "री" धरून ठेवा. उत्तर कर्नाटकातला सगळा मान या एका अक्षरात आहे. लहान पोराला "बा" म्हणजे ये, मोठ्या माणसाला "बर्री" म्हणजे या. होयला "हौद्री", नाहीला "इल्री", किती झाले विचारायला "एष्टरी?", द्या म्हणायला "कोड्री", पुरे म्हणायला "साक्री". बाकी व्याकरण मोडकंतोडकं असलं तरी चालतं, पण "री" विसरला तर म्हातारी माणसं दुखावतात. सुरुवातीला मी नव्वद वर्षांच्या एका आजोबांना "बा, कूडु" म्हटलं होतं, म्हणजे "ये, बस". त्यांनी काही दाखवलं नाही, पण त्यांच्या सुनेनं नंतर बाजूला घेऊन सांगितलं. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आता कानाचं काम. कन्नडमध्ये ए आणि ओ दोन-दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब. मराठीत आपण हा फरक लिहीत नाही, म्हणून तो आपल्या कानाला ऐकूच येत नाही. "कोडु" आखूड म्हटलं तर "दे", लांब म्हटलं तर "शिंग". सगळ्यात जास्त वेळ इथं घाला. मी वही केली होती. शब्द देवनागरीत लिहायचा आणि आखूड ए-ओ असेल तर अक्षराखाली टिंब द्यायचं. पहिली दोनेकशे पानं त्या टिंबांनी भरली आहेत.

हे मला शिकवलं एका ब्लाउजनं. होळीच्या आदल्या दिवसांची गोष्ट. खासबागच्या एका बाईंनी जरीकाठाचा खण शिवायला दिला होता. मी तो वेळेत शिवला, हुक लावले, इस्त्री करून कपाटात ठेवला. त्या सकाळी घाईघाईनं दारात आल्या आणि विचारलं, "होलिगी आतेन्री?" कन्नडमध्ये होलिगी म्हणजे शिवण, ओ आखूड. आणि होळिगी म्हणजे पुरणपोळी, ओ लांब आणि पुढं ळ. मला तेव्हा फक्त पोळीचा शब्द माहीत होता, सणामुळं तोच डोक्यात होता. मला वाटलं, पोळ्या झाल्या काय म्हणून विचारतायत. मी आनंदानं सांगितलं, "नाळे माडतेन्री." उद्या करते. त्यांचा चेहरा उतरला. "मदुवी इवत्त ऐत्री," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या. लग्न आज आहे, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं तेव्हा ब्लाउज माझ्यामागं कपाटात तयार होता. चपला घालून मी खासबागेपर्यंत पळत गेले. त्या निघायच्या तयारीत होत्या, दुसराच ब्लाउज घालून. माझ्या हातातलं पुडकं बघून त्यांनी तोंडावर हात धरला आणि मग आत जाऊन बदलून आल्या. तेव्हापासून आखूड ओ मी कधी चुकले नाही.

ळ बाबतीत मात्र आपलं नशीब चांगलं. हिंदी बोलणाऱ्याला हळ्ळी आणि हल्ली यांत फरक करताना घाम फुटतो, आपल्याला तो आयता येतो. हळ्ळी म्हणजे खेडं, हल्ली म्हणजे पाल. फक्त आपल्या "हल्ली"शी त्याची गल्लत करू नका.

आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात आवडतं. मराठी माणसाला कन्नडचे शब्द शिकावे लागतात, वाक्य शिकावं लागत नाही. वाक्य आपलंच आहे. "नान नाळे मुंजाने बेळगावीगे बर्तेनी." मी उद्या सकाळी बेळगावला येतो. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, क्रम हलत नाही. "बर्तेनी अंत हेळिदा" म्हणजे "येतो म्हणून सांगितलं त्यानं". आपलं "म्हणून" जिथं बसतं तिथंच "अंत" बसतो. "ऊट आद म्याले" म्हणजे जेवण झाल्यावर, आणि "म्याले" म्हणजे खरोखरच "वर". दवाखान्यात हे ऐकलं की गोळीचा घोळ संपला. "ऊटक्किंत मोदल" म्हणाले तर जेवणाआधी.

"एन माडाकत्तीरी?" हे आमच्याकडच्या "काय करायला लागलाय?" चं हुबेहूब रूप. पुण्याची माणसं "काय करताय" म्हणतात, त्यांना हे जोडायला जरा वेळ लागेल. कोल्हापूर, चंदगड, खानापूरकडच्यांना मुळीच लागणार नाही. नाही आणि नव्हे मधला फरकही तस्साच: "इल्ल" म्हणजे नाही, "अल्ल" म्हणजे नव्हे. "चहा इल्ल", चहा नाही. "इदु चहा अल्ल", हा चहा नव्हे.

आमच्याकडच्या बायका घरात "मी आलो, मी गेलो" म्हणतात. पुण्यात हसतात आम्हाला. पण कन्नडमध्ये "मी आलो" आणि "मी आले" असं वेगळं नसतंच, बोलणारा पुरुष असो की बाई, क्रियापद एकच. या शेजारामुळंच आमची बोली अशी झाली असावी असं मला वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही.

एकच ठिकाणी कन्नड आपल्यापेक्षा तोकडं पडतं. "आपण" आणि "आम्ही" दोन्हीला "नावु". "नावु होगोण" म्हणाले तर समजायचं, तुम्हालाही चला म्हणतायत.

शब्दांसाठी आधी आपल्याकडं जे आहेत ते हुडका. हुडकणे हाच कन्नडचा, हुडुकु. तूप म्हणजे तुप्पा. अण्णा, अक्का तिकडचेच. कोशिंबीर म्हणजे कोसंबरी. आणि उप्पीट! उप्पु म्हणजे मीठ, हिट्टु म्हणजे पीठ. दोन्ही मिळून उप्पिट्टु. आपण सकाळी जे खातो त्याचं नावच मीठपीठ. माझ्या धंद्यात तर निम्मे शब्द पाठच होते: गुंडी ती गुंडी, कात्रीला कत्तरी, दोऱ्याला दारा, सुईला सूजी, खणाला खण. नवे शिकावे लागले ते थोडे: अळती म्हणजे माप, तोळु म्हणजे बाही, सेरगु म्हणजे पदर, बिगी म्हणजे घट्ट. तुमचाही जो धंदा असेल त्याची अशी यादी करा. रोज हाताला लागणाऱ्या वस्तूचं नाव विसरत नाही.

आकड्यांना घाबरू नका, ते मराठीपेक्षा सोपे आहेत. आपल्याकडं शंभरापर्यंत प्रत्येक आकडा नव्यानं पाठ करावा लागतो, एकोणतीस-एकोणचाळीस तर मोठ्यांचेही चुकतात. कन्नडमध्ये एक ते दहा शिका: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. मग वीस ते नव्वद: इप्पत्तु, मूवत्तु, नाल्वत्तु, ऐवत्तु, अरवत्तु, एप्पत्तु, एंबत्तु, तोंबत्तु. आता जोडत जा. मूवत्तु आणि आरु, मूवत्तारु, छत्तीस. छातीचं माप घेताना मी टेप मोठ्यानं वाचायचे आणि गिऱ्हाईक बाई चूक दुरुस्त करायची. शंभर नूरु, पाचशे ऐनूरु, हजार साविरा. पाव म्हणजे कालु, अर्धा म्हणजे अर्धा, दीड म्हणजे ओंदूवरी. भाजीवालीकडं एवढ्यावर महिना निघतो.

भाजीवालीकडं गेलात तर आणखी एक गोष्ट. बेंगळुरूत छापलेली "तीस दिवसांत कन्नड" छापाची पुस्तकं इथं घेऊ नका. त्यात कांद्याला ईरुळ्ळी लिहिलेलं असतं, इथं तो उळ्ळागड्डी. लसूण बळ्ळोळ्ळी. त्यात नकोला बेडा, इथं ब्याडा. त्यात आहे म्हणायला इदे, इथं ऐती. पुस्तकातलं बोललात तर कळेल सगळ्यांना, पण तुम्ही टीव्हीवरच्या बातम्या सांगताय असं वाटेल. भाव करायचा तर "स्वल्प कम्मी माड्री" म्हणा. कम्मी आणि कमी यात अंतर ते किती. आणि भाकरीला रोट्टी म्हणतात हे लक्षात ठेवा, नाहीतर जेवायला बोलावून "रोट्टी" म्हणाले की तुम्ही चपातीची वाट बघत बसाल.

नात्यांचे शब्द जपून वापरा, कारण काही सारखे दिसून वेगळे आहेत. आपण बसमध्ये अनोळखी बाईला "ताई" म्हणतो. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. वयानं मोठ्या बाईला ते आदरानं म्हणतात, पण पंचविशीतल्या मुलीला म्हणाल तर ती चमकेल. तिला "अक्का" म्हणा. लहान असेल तर "तंगी", मुलगा असेल तर "तम्मा". "अत्ती" म्हणजे आत्या आणि सासूही. हे ऐकून मला नवल वाटलं नाही. आमच्या गावाकडं सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणतातच. आत्याच्या, मामाच्या घरी मुलगी द्यायची चाल दोन्हीकडं होती, शब्द तिथूनच राहिलेत.

असे फसवे शब्द आणखी आहेत. "अवसरा" म्हणजे संधी नव्हे, घाई. "अनुमाना" म्हणजे संशय. "विळासा" म्हणजे ऐषाराम नव्हे, पत्ता. हा शेवटचा कचेरीत लागतो.

रोजच्या सरावाला सगळ्यात चांगली जागा म्हणजे बस. जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, आधार कार्ड दाखवून शून्य रकमेचं तिकीट घ्यायचं. कंडक्टर म्हणतो, "आधार कार्ड तोरिस्री." तोरिस्री म्हणजे दाखवा. मग विचारतो, "एल्लिगे?" कुठं? गावाच्या नावाला "गे" लावून सांगा, म्हणजे झालं: खानापुरगे, वडगाविगे. हातात पाच मिनिटं असली तर शेजारी बसलेल्या बाईला "ऊट आतेन्री?" विचारा. जेवण झालं काय, हे कुठल्याही वेळी विचारता येतं आणि त्यावर दहा मिनिटं बोलणं चालतं. सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा चिंचलीच्या मायक्काला जाणार असाल तर ती बस सोडू नका. मराठी आणि कन्नड माणसं तिथं अशी मिसळलेली असतात की एकाच वाक्यात दोन्ही भाषा ऐकू येतात.

घरातल्यांचं काय म्हणणं पडेल, हेही सांगायला हवं. काही घरांत कन्नड शिकतो म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. त्यांचं दुःख मला कळतं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि पिढ्या वाट बघण्यात गेल्या. माझे सासरे दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्याच्या निषेधाच्या, फेरीत चालायचे, पाय दुखायला लागल्यावरही. आणि तेच सासरे वडगावच्या विणकरांशी घडाघडा कन्नड बोलायचे, सुताचा भाव करायचे, त्यांच्या घरच्या मयतीला जाऊन बसायचे. मराठीसाठी रस्त्यावर उतरलेल्या त्या पिढीला कन्नड येत होतं. घरात आम्ही मराठीच बोलतो, मुलांना मराठी वाचायला लिहायला मी स्वतः शिकवलं. तुम्हीही शिकवा. कन्नडसाठी त्यातला एक तास काढू नका, वेगळा काढा.

लिपी तीन-चार महिने बोलून झाल्यावर घ्या, आधी नको. वर्णमाला आपलीच आहे: क ख ग घ, मग च छ ज झ, त्याच ओळी, तोच क्रम. बाराखडीला ते कागुणिता म्हणतात. अक्षरं गोल असतात आणि बहुतेकांच्या डोक्यावर छोटीशी चोच असते, तिला तलेकट्टु म्हणतात. काना-मात्रा लागली की ती चोच बदलते, म्हणून सुरुवातीला एकच अक्षर दोन वेगळी वाटतात. अनुस्वार वर टिंब नसून अक्षराच्या पुढं एक पोकळ गोल असतो. जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लोंबतं. सरावाला वही लागत नाही. पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा २०२४ पासून कायदा आहे, त्यामुळं दुकानांच्या नावात वर मोठ्या अक्षरात कन्नड आणि खाली ओळखीच्या अक्षरात तेच नाव असतं. दुकानाचं नाव तुम्हाला माहीत आहे, मग वरची अक्षरं एकेक करून लावायची. घरापासून चौकापर्यंत रोज पाच पाट्या वाचा. मी "मेडिकल" आधी वाचायला शिकले, कारण ते प्रत्येक गल्लीत आहे.

शेवटी कचेरी. फॉर्म बघून घाबरू नका, त्यातले निम्मे शब्द आपले आहेत: अर्जी, सही, दिनांक, तालूकु, जिल्ले, जमीनु. जमिनीच्या उताऱ्याला इकडं उताराच म्हणतात, सरकारी कागदावर पहणी, म्हणजे आपली पाहणी. शिकायचे ते एवढेच: हेसरु म्हणजे नाव, तंदेय हेसरु वडलांचं नाव, विळासा पत्ता, वयस्सु वय, ऊरु गाव. एकदा एका कचेरीत मी पत्त्याच्या जागी वडलांचं नाव लिहिलं आणि पुन्हा रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या माणसानं काय चुकलं ते सांगितलंसुद्धा नाही. तेव्हापासून बरोबर भरलेल्या प्रत्येक फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवते. तुम्हीही पहिला फॉर्म कुणाकडून तरी नीट भरून घ्या, त्याचा फोटो ठेवा आणि पुढचा तो समोर धरून स्वतःच्या हातानं भरा. नाव आणि गाव कन्नडमध्ये कसं लिहिलंय ते त्यातच दिसेल, तेवढं घरी दहा वेळा गिरवा.